वर्ध्याच्या जंगलातील पालाशाचा जमाखर्च

जंगलाचा इतिहास आपल्याकडे आजवर दोन वह्यांतून लिहिला गेला आहे. पहिली वही सरकारची. तीत कोणत्या साली कोणते कूप तोडले, किती घनफूट सागवान निघाले आणि लिलावात किती रुपये पडले, याची नोंद असते. दुसरी वही लोकांची. तीत कोणाची चराई बंद झाली, कोणाच्या मोळ्या जप्त झाल्या, कोणता कायदा कोणी मोडला आणि त्यापायी कोण तुरुंगात गेले, हे असते. दोन्ही वह्या खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींशी ताडून पाहणे हे इतिहासाचे कामच आहे. पण तिसरी एक वही आहे, ती सहसा कोणी उघडत नाही. ती मातीची वही. जंगलातून माल बाहेर गेला त्याबरोबर मातीतले काय गेले, परत काय आले आणि बाकी काय उरले, हा हिशेब तीत असायला हवा. वर्धा जिल्ह्यातील उत्पादनासाठी राखलेल्या जंगलांपुरते त्या वहीचे एक पान, म्हणजे पालाशाचे पान, आम्ही येथे मांडणार आहोत.

मजुरांच्या संघटनेत आयुष्य घालवणाऱ्या माणसाने मातीच्या रसायनात कशाला शिरावे, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर सरळ आहे. मजुरी नेहमी मोजमापाच्या मागून चालते. जंगलातले काम घनमीटरात मोजले जाते, म्हणून मजुरीही घनमीटराची मिळते. जे मोजले जात नाही त्याचा दर ठरत नाही, आणि ज्याचा दर नाही ते काम कोणी करीत नाही. शिवाय जंगल विरळ झाले की दोषही वहीत ज्याचे नाव सहज सापडते त्याच्यावर जातो. आणि ते नाव बहुधा मोळी वाहणाऱ्या बाईचे असते. तेव्हा हिशेब पुरा मांडला गेला पाहिजे, यात कामगाराचा स्वार्थ आहे. तो आम्ही लपवीत नाही. रसायनशास्त्र आम्ही कोणत्या विद्यालयात शिकलो नाही. दिवसाचे काम संपल्यावर पुस्तके वाचून आणि जाणत्यांना विचारून जे उमगले, त्याच्याच आधाराने हे लिहीत आहोत.

आरंभ शब्दापासूनच करू. आपला शेतकरी खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन नावे वाचतो. पालाश म्हणजे पळसाचे ते. फाल्गुनात वर्ध्याच्या माळामाळांवर पेटल्यासारखा दिसणारा जो पळस, त्याचेच नाव या द्रव्याला मिळाले आहे, आणि ते अगदी योग्य आहे. सुश्रुताने क्षार तयार करण्याची रीत सांगताना ज्या झाडांची नावे दिली त्यांत पळस आहे. जवाच्या राखेतून काढलेला यवक्षार आपल्या वैद्यांना पूर्वापार माहीत आहे. झाड जाळावे, राख पाण्यात कालवावी, पाणी गाळून आटवावे. तळाशी जो पांढरा क्षार उरतो त्यात मुख्यतः पालाशच असतो. युरोपातही हीच रीत होती. इंग्रजी शब्द पोटॅश याचा अर्थ भांड्यातली राख. 1807 साली हम्फ्री डेव्ही याने या क्षारातून विजेच्या साहाय्याने जो धातू वेगळा केला, त्याला त्यावरूनच पोटॅशियम हे नाव पडले.

साबणाला, काचेला, कापड धुवायला हा क्षार लागत असे, आणि तो मिळत होता फक्त झाडांतून. म्हणून अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेत आणि बाल्टिक समुद्राच्या काठी केवळ राखेसाठी जंगले जाळली गेली. अमेरिकेच्या संघराज्याने 1790 साली जे पहिले पेटंट दिले, ते सॅम्युएल हॉपकिन्स नावाच्या गृहस्थाला पोटॅश करण्याच्या रीतीबद्दल दिले होते. लाकडापेक्षा राखेला मोल होते, असा तो काळ. पुढे जर्मनीत स्टासफुर्ट येथे जमिनीखाली पालाशाचे साठे सापडले, 1861 साली तेथे पहिला कारखाना निघाला, आणि जंगलाची त्या कामातून सुटका झाली. सुटका झाली तशी विस्मृतीही झाली. जंगल हे पालाशाचे कोठार आहे, ही गोष्ट व्यापारी विसरला, आणि त्याच्यामागून वनाधिकारीही विसरला.

आता झाडाला या द्रव्याचा उपयोग काय, ते पाहू. नत्र पानाच्या घडणीत गुंतते, चुना सालीत आणि पेशींच्या भिंतीत बसतो. पालाश मात्र कोठेच घर करून राहत नाही. तो झाडाच्या रसात विरघळून हिंडत असतो. पानावरची बारीक तोंडे उघडायची आणि मिटायची ती त्याच्या बळावर. उन्हाळ्यात पाणी कमी पडले की झाड ही तोंडे मिटते आणि ओल राखते. वैशाखात ज्या मुलखात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेथे पालाश कमी पडणे म्हणजे घागरीला भोक पडणे होय.

रसात हिंडणारे हे द्रव्य तितक्याच सहज बाहेरही पडते. पावसाची सर पानावरून ओघळली की काही पालाश तिच्याबरोबर मातीत उतरतो. पान गळण्याआधी झाड त्यातला बराच भाग माघारी ओढून घेते. उरलेला पाचोळ्यातून पहिल्या एक-दोन पावसांतच सुटतो. पाचोळा कुजायची वाटसुद्धा तो पाहत नाही. असे हे रहाट चालते. रहाट मोडले नाही तर जंगलाला बाहेरचे खत लागत नाही. म्हणून निरोगी पालाशाचे मोजमाप करताना मातीत आज किती आहे, हा अर्धाच प्रश्न झाला. रहाट फिरते आहे की नाही, हा उरलेला अर्धा.

वर्ध्याची माती या बाबतीत भाग्यवान समजली जाते, आणि त्यात तथ्य आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या फत्तरावर बसलेला आहे. गंमत अशी की या फत्तरात मुळात पालाश फारसा नाही. ग्रॅनाइटात तो शेकडा चार-पाच असतो, आपल्या काळ्या पाषाणात साधारणपणे एकाहूनही कमी. पण हा दगड कुजून जी चिकण माती होते तिला पालाश धरून ठेवण्याची विलक्षण शक्ती असते. समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर सुपाऱ्या-जायफळांसारखे गोल खडे सापडतात. शेख फरीदांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी त्यांची कथा सांगतात. भूशास्त्रज्ञ त्यांना झिओलाइट जातीचे खनिज म्हणतो, आणि या जातीच्या खनिजांतही पालाश अडवून ठेवण्याचा गुण आहे. संताच्या कोपाने असो की निसर्गाच्या कृपेने, या मुलखात मातीला मूठ घट्ट मिळाली आहे.

पण ही सारी स्तुती काळ्या मातीची आहे, आणि काळ्या मातीवर जंगल उरलेले नाही. इंग्रजी अमदानीतील जमाबंदीत इकडच्या जमिनींचे काळी, मोरंड, खरडी, बरडी असे उतरते वर्ग केलेले आहेत. काळी आणि मोरंड कापसाखाली आणि जवारीखाली गेली. जंगल राहिले ते आर्वी, आष्टी, कारंजा आणि सेलू या तालुक्यांतील डोंगरउतारांवर, म्हणजे बहुतांशी खरडी-बरडी जमिनीवर, जेथे हातभर खणले की मुरूम लागतो.

येथे प्रयोगशाळेच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. मातीपरीक्षणात झाडाला मिळण्याजोगा पालाश हेक्टरी किलोत सांगतात. साधारण ठोकताळा असा की 120 किलोंच्या आत कमी, 280 पर्यंत मध्यम आणि त्यावर भरपूर. हा आकडा निघतो कसा? मातीचा नमुना दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळतात, वर राहिलेले खडे टाकून देतात, खालच्या मातीतला पालाश मोजतात, आणि हेक्टरभर जमिनीच्या वरच्या वीतभर थरात 22 लाख 40 हजार किलो माती असते असे धरून गुणाकार करतात. शेतात हे चालते. पण बरडीत अर्धा भाग खडेच असले तर कागदावरचे 280 किलो जमिनीवर 140 च भरतात. त्यातून काळ्या पाषाणाच्या मातीत चुना आणि मॅग्नेशियम इतके असते की मुळांच्या तोंडाशी पालाशाला वाट मिळणे कठीण होते. म्हणून शेताच्या मापाने भरपूर ठरलेली माती जंगलाच्या मापाने भरपूर असेलच असे नाही. वर्ध्याच्या जंगलात पालाशाचा दुष्काळ पडला आहे, असे आमचे म्हणणे नाही. कोठार आपण समजतो त्यापेक्षा लहान आहे आणि त्याच्या दाराशी पहारा नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता या कोठारातून काय गेले आणि कोणत्या वाटेने गेले, ते क्रमाने पाहू.

सर्वांत जुनी वाट गुरांची. आर्वी आणि कारंजा भागातले नंदगवळी आणि त्यांची पांढरी, उंच, चपळ गौळाऊ गुरे ही या जिल्ह्याची कीर्ती आहे. गुरे दिवसा रानात चरत आणि रात्री गोठ्यात बसत. गुरांच्या पोटात गेलेल्या पालाशाचा मोठा भाग मुतावाटे बाहेर पडतो. म्हणजे दिवसा रानातून उचललेला पालाश रात्री गावात उतरत असे आणि खताच्या गाडीतून शेतात जात असे. वर्ध्याच्या कापसाची जमीन शेकडो वर्षे पिकत राहिली, तिच्यामागे रानाचे हे मुके दान होते. लोकसंख्या थोडी आणि रान अफाट, तोवर हे दान रानाला झेपत होते.

1853 साली नागपूरचे तिसरे रघूजी निवर्तले आणि राज्य खालसा झाले. 1861 साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि 1862 साली वर्धा हा वेगळा जिल्हा झाला. त्याच सुमारास दोन निर्णय झाले. गावांची मालकी मालगुजारांना देण्यात आली आणि गावालगतची रानेही त्यांच्याकडे गेली. उरलेले मोठे जंगल सरकारने स्वतःकडे ठेवले. 1865 साली पहिला वनकायदा आला, 1878 साली दुसरा अधिक कडक आला. 1867 साली आगगाडी वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. रुळांखाली स्लीपर हवे होते, पुलांना आणि इमारतींना तुळया हव्या होत्या. सागाच्या ओंडक्याला प्रथमच दूरचा बाजार मिळाला. आजवर रानातला पालाश गावापर्यंत जात होता. आता त्याला मुंबईचे तिकीट मिळाले.

मात्र येथे न्यायाने बोलले पाहिजे. ओंडका दिसतो प्रचंड, पण पक्क्या लाकडात पालाश थोडा असतो. तो अधिक असतो पानांत, कोवळ्या फांद्यांत आणि सालीत. तेव्हा शंभर वर्षांच्या सागाचा गाभा नेल्याने माती लुटली जात नाही. साल, शेंडा आणि पाला जागेवर राहिला तर तूट थोडी येते आणि कुजणारा मुरूम ती कालांतराने भरून काढतो. हानी झाली ती तोडीच्या रीतीने आणि तिच्यामागून आलेल्या आगीने.

आगीचा इतिहास तर याच प्रांतात घडला. होशंगाबादकडील बोरीच्या जंगलात कर्नल पिअर्सन याने 1864 साली वणव्यापासून जंगल राखण्याचा प्रयोग केला. हिंदुस्थानातला तसा तो पहिला यशस्वी प्रयोग मानला जातो. साहेबाची भूमिका अशी की आग ही शत्रू. रानकऱ्याची भूमिका अशी की आगीशिवाय गवताला कोंब फुटत नाही. पालाशाच्या वहीत पाहिले तर दोघेही अर्धे बरोबर ठरतात. आगीत नत्र धुरावाटे निघून जाते, पालाश मात्र बहुतांशी राखेत राहतो आणि लगेच मिळण्याजोगा होतो. म्हणूनच मंडल्याच्या बैगांची बेवर शेती राखेवर पिकत असे. ती सरकारने आवळत नेली आणि 1890 साली बैगा चक नावाच्या एका मर्यादित प्रदेशापुरती ठेवली. राख सपाटीवर पडली तर ती खत ठरते. उतारावर पडली तर मृगाचा पहिला मोठा पाऊस ती नाल्याला देतो, आणि नाला नदीला. आपले जंगल उरले आहे उतारावर. तेव्हा आपल्याकडची आग रानाचा पालाश वर्धा नदीच्या स्वाधीन करते.

राखेच्या या महत्त्वाचा सरकारदरबारी विचार एकदाच मोठ्या प्रमाणावर झाला, आणि तो आपल्याकडे नव्हे, कोकणपट्टीत. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील शेतकरी भाताचे रोप टाकण्याआधी जमिनीवर झाडांचे टहाळ, पाला आणि शेण पसरून जाळीत. याला राब म्हणतात. वनखात्याने टहाळ तोडण्यावर बंदी घातली तेव्हा एवढी ओरड झाली की 1885 साली मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल 1887 साली आला. रानाची राख शेताला किती हवी आणि टहाळ तोडल्याने रानाचे किती जाते, हा वाद त्या कमिशनपुढे झाला. आमच्या मते महाराष्ट्रात मातीच्या तिसऱ्या वहीची हीच पहिली सुनावणी होय. पण तीतही बोलले गेले ते हक्कांबद्दल आणि झाडांबद्दल. मातीच्या बाजूने वकीलपत्र कोणी घेतलेले नव्हते.

विदर्भात तोच हक्काचा प्रश्न 1930 साली उसळला. वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसदला, 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. मिठासाठी समुद्र नसलेल्या मुलखाने गवताचे मीठ केले. तो लढा न्यायाचा होता, यात शंका नाही. गवत, सरपण आणि चराई यांवाचून गाव जगत नाही, आणि जगण्याच्या साधनावर कुलूप लावणारे राज्य टिकत नाही.

स्वराज्य आल्यावर मालगुजारी गेली. 1950 चा कायदा होऊन 1951 च्या मार्चअखेर मालगुजारांची जंगले सरकारजमा झाली. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालकी जाणार हे कळल्यावर अनेक मालगुजारांनी मिळेल ते तोडून विकले. सरकारच्या हाती आली ती बरीचशी खुरटलेली, वारंवार तोडलेली राने. अशा रानांत बुंधे खालून तोडून नव्या धुमाऱ्यांवर पुन्हा जंगल उभे करण्याची रीत चालली. ही रीत स्वस्त आहे, पण पालाशाच्या दृष्टीने महाग. कारण अशा तोडीत निघतात त्या बल्ल्या आणि जळाऊ फाटे. त्यांत पक्का गाभा कमी आणि साल अधिक. शंभर वर्षांत एक जाड ओंडका नेणे आणि त्याच काळात चार-पाच वेळा बारीक माल नेणे, यांत वजन सारखे भरले तरी मातीचा खर्च सारखा नसतो.

यापुढचे पाऊल धोरणाचे होते. 1974 साली महाराष्ट्र वनविकास महामंडळ नागपूरला स्थापन झाले. 1976 साली राष्ट्रीय कृषी आयोगाने उत्पादनाची वने, संरक्षणाची वने आणि सामाजिक वनीकरण असे तीन भाग पाडले, आणि पहिल्या भागाकडून उद्योगांना लाकूड मिळावे असे म्हटले. विदर्भात अनेक ठिकाणी मिश्र जंगल तोडून तेथे सागाच्या ओळी लागल्या. सागाच्या लागवडीची जुनी रीत अशी की तोडीचा पाला-फांदा जाळायचा आणि स्वच्छ जमिनीवर जडवे लावायचे. स्वच्छ हा शब्द मजुरालाही आवडतो आणि साहेबालाही. मातीला तो आवडत नाही. त्यातून सागाचे पान सुपाएवढे. त्यावर साठून पडणारा थेंब पावसाच्या थेंबापेक्षा मोठा असतो. खाली झुडूप नसेल, पाचोळा जळालेला असेल, तर हा थेंब उघड्या मातीवर हातोडीसारखा बसतो. मग चिकण मातीचा बारीक अंश वाहून जातो, आणि पालाश धरून ठेवणारी मूठ म्हणजे तोच अंश.

जगात हे धडे इतरांनी घेतले आहेत. जर्मनीत शेतकरी गुरांखाली पसरायला शतकानुशतके जंगलातला पाचोळा ओरबाडून नेत. 1876 साली एबरमायर या शास्त्रज्ञाने बव्हेरियातील जंगलांचा अभ्यास करून या पाचोळ्यावर मोठा ग्रंथच लिहिला. झाडे उभी असताना जंगल कसे उपाशी मरते, ते त्यावरून उमगले. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात शेतीने थकलेल्या रेताड जमिनीवर लावलेली पाइन आणि स्प्रूसची झाडे पिवळी पडून खुंटली होती. हायबर्ग आणि व्हाइट यांनी 1951 साली दाखवून दिले की त्यांना उणीव होती ती पालाशाची. ब्राझीलमध्ये निलगिरीच्या बागांना आज पालाशाचे खत घालतात, आणि साल रानातच सोडण्याचा फायदाही तेथे सिद्ध झाला आहे. आपल्याला पोत्याची वाट मोकळी नाही. भारतात पालाशाची खाण चालत नाही. पोटॅशचे पोते कॅनडा, रशिया, जॉर्डन अशा देशांतून येते. ते कापसालाच पुरेसे मिळत नाही, तेथे जंगलाला कोण घालणार? तेव्हा असलेले राखणे हाच एक मार्ग.

राखण्याचा विचार वर्ध्याला परका नाही. 1934 च्या डिसेंबरात मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांनी पुढे आपल्या चिरंतन अर्थव्यवस्थेच्या मांडणीत साठ्यावर चालणारे अर्थकारण आणि वाहत्या ओघावर चालणारे अर्थकारण असा भेद केला. खाणीतला कोळसा हा साठा, रानातले लाकूड हा ओघ. आम्ही त्यात एवढीच भर घालू की लाकडाचा ओघ पालाशाच्या साठ्यावर उभा आहे. साठा आटला की ओघही थांबतो. मगनवाडीनेच बिनधुराची मगन चूल काढली. बाईचे डोळे वाचावेत म्हणून ती निघाली, पण तिने सरपण वाचले तर रानाचा पालाशही वाचतो.

यावरून आम्ही त्या नाजूक प्रश्नाशी येऊन पोहोचतो, ज्याला कामगार संघटनेने टाळू नये. मोळी दोषी आहे काय? वजनाला वजन ठेवले तर मोळीतल्या बारीक फाट्यांत ओंडक्यापेक्षा पालाश अधिक असतो. हे खरे आहे आणि आपल्या माणसांना ते सांगितले पाहिजे. एक उदाहरण घेऊ. समजा, एका हेक्टरातून पाच टन वाळलेले फाटे आणि साल गेली आणि तीत शेकडा अर्धा पालाश असला, तर 25 किलो गेला. ज्या बरडीत 140 किलोच हाताशी आहेत तेथे ही रक्कम लहान नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. मोळीची राख चुलीतून उकिरड्यावर आणि उकिरड्यावरून शेतात जाते. पालाश रानातून गेला तरी गावशिवारात राहतो. उतारावर पेटलेल्या कूपातला पालाश नदीला जातो. जेथे ओंडके साल न काढता नेतात, तेथे सालीतला पालाश डेपोत जातो. हे दोन्ही ना रानाचे, ना गावाचे. आणि या दोन वाटा मोळीवालीने ठरविलेल्या नाहीत. एका खात्यातला खर्च दाखवून बाकीची खाती झाकणे याला हिशेब म्हणत नाहीत.

तेंदूपत्त्याचेही तसेच. 1969 च्या कायद्याने महाराष्ट्रात त्याचा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली आला. एका प्रमाण गोणीत हजार पुडे आणि पुड्यात 70 पाने, म्हणजे 70 हजार पाने. ती एप्रिल-मेमध्ये कोवळी तोडली जातात, झाडाने पालाश माघारी ओढण्याच्या आधी. ही मजुरी हजारो घरांचा उन्हाळा तारते; ती बंद करा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण नवे कोंब फुटावेत म्हणून झुडपांखाली जी आग लावली जाते, ती मात्र टाळता येण्यासारखी आहे. छाटणीने तेच काम होते. छाटणीची मजुरी वेळेवर आणि पुरी मिळाली तर काडीपेटी खिशातच राहील.

मातीसाठी मजुरी देणे ही कल्पना नवी नाही. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कामे काढली आणि 1977 साली तिचा कायदा केला. त्या कामांत डोंगरउतारांवर बांध आणि समतल चर खोदले गेले. मजुरांनी खणलेल्या प्रत्येक चराने वाहून जाणारी माती अडवली, आणि मातीबरोबर पालाशही अडवला. तेव्हा खोदाई घनफुटात मोजली गेली म्हणून दर ठरला. यावरून आमची मागणी निघते.

कूप तोडण्याआधी आणि तोडीनंतर दोन खोलींवर माती तपासावी, खड्यांचे प्रमाण वेगळे लिहावे आणि तो कागद मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. शेतासाठी मृदा आरोग्यपत्रिका 2015 पासून मिळते. डेहराडूनच्या भारतीय वानिकी संशोधन आणि शिक्षण परिषदेने वनविभागांसाठीही अशा पत्रिकांचे काम हाती घेतले आहे. त्या पत्रिका कपाटात राहू नयेत. ताडून पाहण्यासाठी आपल्या जिल्ह्यातच बोरचे रान आहे. 1970 साली ते अभयारण्य झाले, 2014 साली व्याघ्रप्रकल्प झाले. शेजारच्या कूपाची माती आणि तिथली माती एकाच वर्षी तपासली तर पुष्कळ वाद आपोआप मिटतील. दुसरे असे की तोडीच्या जागेवर साल सोलणे आणि बारीक फांद्या उतारावर आडव्या रचून ठेवणे यांसाठी दरसूचीत स्वतंत्र दर असावा. आज ते काम कोणी केलेच तर फुकट करावे लागते. तिसरे, उतारावर तोडीचा कचरा जाळू नये. जाळरेषा जाळाव्याच लागल्या तर त्यांच्याखाली चर आधी खणलेले असावेत. आणि चौथे, ज्या घराला मोळी कमी करा म्हणून सांगायचे, त्या घराला परवडणारे दुसरे सरपण आधी द्यावे. चूल विझवून जंगल राखता येत नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनक्षेत्राचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला आहे. 1930 साली जे मागितले त्याचा काही भाग असा कायद्याने पदरात पडला. पण हक्क मिळाला की हिशेबाची जबाबदारीही येते. साहेबाने मातीची वही लिहिली नाही, मालगुजाराने लिहिली नाही, ठेकेदाराला तर तिची गरजच नव्हती. ज्यांची मुलेबाळे याच बरडीच्या कडेला जगणार आहेत, त्यांनी ती लिहायला घेतली पाहिजे. त्यासाठी पदवी लागत नाही. एक कुदळ, एक चाळणी, मातीच्या नमुन्याच्या चार पिशव्या आणि तपासणीच्या कागदावरचा आकडा वाचून दाखवणारा गावातला एक मुलगा किंवा मुलगी, एवढे भांडवल पुरे आहे. येत्या मृगापूर्वी ज्या गावाला पहिले पान लिहायचे असेल, त्याच्याबरोबर नमुने घ्यायला आम्ही येऊ.